जांभळ्या पानांचा करगा : रायपूरच्या शेतात घडलेली उत्क्रांती

श्रावण वद्य षष्ठी जवळ आली की रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिराकडे जाणाऱ्या जुन्या वाटांवर, टोपल्यांतून एक वेगळाच तांदूळ विकायला येतो. दाणा लालसर, भाव मात्र पुष्कळदा बारीक सुगंधी तांदळाहून चढा. छत्तीसगढीत त्याला ‘पसहर’ म्हणतात. उत्तरेकडील पंचांगात हीच तिथी भाद्रपद कृष्ण षष्ठी ठरते आणि त्या दिवशी छत्तीसगढच्या माता मुलांसाठी ‘कमरछठ’ अर्थात हलषष्ठीचे व्रत करतात. अंगणात ‘सगरी’ नावाचे लहानसे तळे खणून त्याची पूजा होते. नांगरलेल्या जमिनीत पिकलेले काहीही त्या दिवशी खायचे नाही, हा व्रताचा मुख्य नियम. मग भात कुठला? तर तळ्याच्या काठी, ओलसर पडीक जागी, कोणीही न पेरता उगवणारा. पसहर म्हणजे वन्य भात.

तळ्यांच्या या शहरात, बूढा तालाब, महाराजबंध आणि कंकाली तालाब यांच्या सान्निध्यात वसलेल्या या जुन्या वस्तीत, त्या व्रताचे मूळ शोधण्याचा येथे हेतू नाही. पण वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्या नियमाकडे जरा थांबून पाहावे. नांगराने स्पर्श केलेले आणि न केलेले, अशी भाताची दोन जगे हा नियम वेगळी करतो. वन्य भाताचा जो आप्त या दोन जगांच्या सीमेवर वाढतो, त्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच रायपूर परिसरात कृषिशास्त्रज्ञांना एक धडा दिला. स्थानिक अनुकूलन म्हणजे काय, ते किती वेगाने घडते आणि त्यासाठी लागणारी जनुके येतात कोठून, या प्रश्नांच्या अभ्यासात तो धडा आजही उपयोगी पडतो. ही त्याचीच कथा.

तळ्यातला भात आणि शेतातला करगा

वन्य भात आपल्या परंपरेला अपरिचित नाही. संस्कृतात त्याचे नाव ‘नीवार’. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त दुष्यंताला आश्रम जवळ आल्याचे कळते, ते पोपटांच्या ढोलीतून झाडाखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून. १९६५ मध्ये एस. डी. शर्मा आणि एस. व्ही. एस. शास्त्री या भारतीय संशोधकांनी वन्य भाताच्या एका वर्षायू जातीचे स्वतंत्र वर्णन केले, तेव्हा तिला त्यांनी ‘ओरायझा निवारा’ हेच नाव दिले. तिची बहुवर्षायू बहीण म्हणजे ‘ओरायझा रुफिपोगॉन’.

या दोन बहिणींची घरे पाहिली तरी स्थानिक अनुकूलनाचा अर्थ उमगतो. रुफिपोगॉन बारमाही पाण्यात राहते. तिला घाई नाही. खोडाच्या पेरांपासून ती वर्षानुवर्षे वाढत राहते आणि दिवस लहान झाले की फुलावर येते. निवारा पावसाळ्यात भरणाऱ्या आणि हिवाळ्यात आटणाऱ्या उथळ पाण्यात राहते. पाणी आटण्याआधी बी धरले नाही, तर तिचा वंशच संपतो. म्हणून ती लवकर फुलते, अधिक बी धरते आणि मरून जाते. बी मात्र चिखलात पुढच्या पावसाची वाट पाहत पडून राहते. या दोन जीवनपद्धतींमधील फरकाचा जनुकीय आराखडा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. हा फरक एखाद्या जनुकाने घडलेला नसून गुणसूत्रांवर ठिकठिकाणी विखुरलेल्या अनेक जनुकस्थानांनी मिळून घडवला आहे, असे त्यातून दिसले. सावकाश, अनेक पिढ्यांत, थोडे थोडे करून साधलेले हे अनुकूलन.

तिसरा आप्त शेतात राहतो. छत्तीसगढचा शेतकरी त्याला ‘करगा’ म्हणतो. वन्य भात आणि लागवडीचा भात यांच्यातील संकर आणि परतसंकर यांतून तयार झालेला हा तणभात. लोंबी येईपर्यंत तो पिकाहून ओळखू येत नाही. लोंबी आल्यावर कुसळे दिसतात. पण तोवर उशीर झालेला असतो, कारण दाणा पिकताक्षणी गळतो आणि शेतातच पेरला जातो. ते बी सुप्तावस्थेत जाते, सगळे एकदम उगवत नाही. काही पुढच्या वर्षी, काही त्यानंतर. शेतकऱ्याच्या कापणीला करग्याचा एकही दाणा लागत नाही आणि पुढच्या पेरणीत करगा मात्र हजर असतो.

छत्तीसगढच्या शेतीपद्धतीने त्याला आणखी अनुकूल भूमी दिली. या प्रदेशात रोवणीपेक्षा फेकून पेरणी करण्याची पद्धत पूर्वापार अधिक. भंडारा-गोंदियाकडे जिला ‘आवत्या’ म्हणतात, तशीच. पेरणीनंतर सुमारे महिन्याभराने, बांधीत पाणी साचले की उभ्या पिकातूनच नांगर फिरवायचा, ही ‘बियासी’. रोवणीच्या शेतात रोपे ओळीत किंवा निदान एका वयाची असतात, म्हणून परके रोप डोळ्यांत भरते. फेकपेरणीच्या शेतात अशी कोणतीही खूण नसते. निंदणी करणाऱ्या बाईपुढे दोन सारखी हिरवी रोपे असतात. त्यांतले कोणते उपटायचे?

एक सोपे, सुंदर उत्तर

त्या काळी रायपूर मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. राजधानी नागपूर, शेतीखात्याचा कारभारही तेथूनच चाले. भोसल्यांच्या राजवटीपासून रायपुरात स्थिरावलेली मराठी घरे आणि नागपूर-रायपूर प्रशासकीय नाते यांमुळे मराठी वाचकाला हा प्रदेश परका नव्हता. रायपूर हे प्रांतातील भातसंशोधनाचे केंद्र होते. तेथे काम करणारे बी. बी. दवे यांच्यापुढे करग्याचा प्रश्न होता.

उत्तराची बीजे जनुकशास्त्राने आधीच तयार ठेवली होती. १९१७ मध्ये एफ. आर. पार्नेल, जी. एन. रंगस्वामी अय्यंगार आणि के. रामय्या यांनी कोईमतूर येथील कामाच्या आधारे भातातील गुणांच्या आनुवंशिकतेवर निबंध प्रसिद्ध केला होता. भाताच्या काही वाणांत पाने, खोड, तूस, कुक्षी अशा वेगवेगळ्या भागांत जांभळा रंग उतरतो आणि तो मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत जातो, हे भारतीय प्रयोगशाळांत चांगलेच माहीत झाले होते. यांपैकी रामय्या पुढे कटक येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले.

तेव्हा कल्पना अशी : पिकाचेच पान जांभळे करावे. करगा हिरवा, पीक जांभळे. मग निंदणी करणाऱ्याला वनस्पतिशास्त्र शिकवण्याची गरज नाही. जे हिरवे दिसेल ते उपटायचे. जांभळ्या पानांचा गुण चांगल्या उत्पादनाच्या वाणात संकराने आणायचा आणि करग्याने ग्रासलेल्या शेतात ते वाण द्यायचे. १९४३ मध्ये दवे यांनी या कामाविषयी ‘इंडियन जर्नल ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल सायन्स’मध्ये निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ असा : ‘मध्यप्रांतातील वन्य भाताचा प्रश्न आणि त्याचे उत्तर’.

शीर्षकातील आत्मविश्वास अनाठायी नव्हता. ते बंगालच्या दुष्काळाचे वर्ष होते. भाताच्या प्रत्येक दाण्याला किंमत होती. डीएनए हा आनुवंशिकतेचा वाहक असल्याचा एव्हरी यांचा पुरावाही अजून एक वर्ष दूर होता. केवळ मेंडेलच्या नियमांच्या बळावर, औषध नाही, यंत्र नाही, फक्त रोपाच्या रंगाने तण ओळखता यावे, यापेक्षा स्वस्त आणि सुंदर उत्तर कोणते असणार?

शेताने दिलेले प्रत्युत्तर

पण काही हंगामांतच करगाही जांभळा होऊ लागला.

हे निरीक्षण पुढे जगभराच्या उत्क्रांतिशास्त्रात पोहोचले. पिकाची नक्कल करणाऱ्या तणांविषयी कॅनडातील स्पेन्सर बॅरेट यांनी १९८३ मध्ये लिहिलेल्या सुपरिचित आढाव्यात भारतातील या जांभळ्या भाताचे उदाहरण आले आणि तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा सांगितले गेले आहे. वन्य आणि लागवडीच्या भातांमधील संकरावर आयुष्यभर काम करणारे जपानी जनुकशास्त्रज्ञ एच. आय. ओका यांच्या लेखनातही या प्रकारच्या देवघेवीला मोठे स्थान आहे. नेमके घडले काय, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी : संकर. भात बहुतांशी स्वपरागित. लागवडीच्या भातात परपरागणाचे प्रमाण साधारणतः एक टक्क्याहून कमी. वन्य आणि तणभातात ते त्याहून अधिक असू शकते. शेजारी उभ्या असलेल्या जांभळ्या पिकाचे पराग एखाद्या करग्याच्या फुलावर पडतात आणि हजारांत एखादे बी संकरित होते. एवढे पुरेसे आहे.

दुसरी पायरी : त्या संकरित बीचे रूप. पानांचा जांभळा रंग प्रभावी गुण आहे. म्हणजे जनुकाची एक प्रत मिळाली तरी पानावर जांभळी छटा येते. दाणे गळण्याचा वन्य गुणही प्रभावी. म्हणून पहिल्याच पिढीतील रोप पिकासारखे जांभळे दिसते आणि करग्यासारखे दाणे गाळते. पेहराव पिकाचा, स्वभाव करग्याचा.

तिसरी पायरी : निवड. येथे निवड करणारा हात निसर्गाचा नव्हता, निंदणी करणाऱ्या माणसाचा होता. ‘हिरवे उपटा, जांभळे ठेवा’ हा नियम त्याने प्रामाणिकपणे पाळला आणि पाळता पाळता जांभळा करगा जोपासला.

वेगाची कल्पना येण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. समजा, एका बांधीत करग्याची १००० रोपे आहेत आणि त्यांत जांभळे फक्त १. निंदणीत हिरव्या करग्यापैकी दहातील नऊ रोपे उपटली जातात, जांभळे एकही नाही. उरलेली रोपे सारखेच बी देतात आणि पुढच्या वर्षी करगा पुन्हा १००० वर येतो. पहिल्या हंगामानंतर जांभळ्यांचे प्रमाण सुमारे १ टक्का. दुसऱ्यानंतर ९ टक्के. तिसऱ्यानंतर ५० टक्के. चौथ्यानंतर ९१ टक्के. प्रत्यक्षात मातीत पडून राहिलेले जुने हिरवे बी हा वेग कमी करते, निंदणीही इतकी काटेकोर नसते. तरी दिशा बदलत नाही. आणखी एक गोष्ट या हिशेबातून दिसते : निंदणी जितकी चोख, तितकी नक्कल लवकर पक्की होते. कष्टाळू शेतकऱ्याच्या शेतात करगा आधी जांभळा होतो.

एका रंगामागची जनुके

आता प्रश्न असा की पान जांभळे होणे हे एका जनुकाचे काम आहे काय? आजच्या ज्ञानानुसार भातातील हा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. तो तयार होण्यासाठी अनेक विकरांची साखळी लागते आणि त्या साखळीला चालू-बंद करणारी नियामक जनुके लागतात. जुन्या जनुकशास्त्रज्ञांनी त्यांना ‘सी’, ‘ए’, ‘पी’ अशी अक्षरे दिली होती. ‘सी’ हे सहाव्या गुणसूत्रावरील नियामक जनुक निघाले, तर ‘ए’ हे पहिल्या गुणसूत्रावरील, रंगद्रव्य घडवणाऱ्या एका विकराचे. रंग पानात उतरायचा की नाही, हे ठरवणारे ‘पीएल’ नावाचे स्थान चौथ्या गुणसूत्रावर आहे आणि तेथेही नियामक जनुकेच आहेत.

या रचनेत एक मर्म आहे. अनेक वन्य भातांच्या कुक्षीत, कुसळांत वा खोडाच्या बुंध्याशी जांभळी छटा मुळातच असते. म्हणजे रंग बनवण्याची यंत्रणा त्यांच्याकडे आहे. ती पानात चालू करणारी कळ मात्र नाही. शेजाऱ्याकडून तेवढी कळ मिळाली की काम भागते. निवारा आणि रुफिपोगॉन यांना वेगळे करणारा फरक अनेक जनुकस्थानांत वाटलेला होता, हे वर पाहिले. करग्याला मात्र नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्यासाठी मोजकीच, मोठ्या परिणामाची आणि आयती मिळणारी जनुके पुरली. स्थानिक अनुकूलनाचा जनुकीय पाया एकाच साच्याचा नसतो, हे एकाच रायपूरच्या तळ्यात आणि बांधीत असे दोन्हींकडे दिसते.

करग्याने जे घेतले, तितकेच महत्त्वाचे आहे त्याने जे सोडले नाही ते. दाणे गळण्यासंबंधीचे ‘एसएच४’ हे जनुक २००६ मध्ये ओळखले गेले. चौथ्या गुणसूत्रावरील या जनुकात एका अक्षराचा बदल झाला, प्रथिनातील एक अमिनो आम्ल बदलले आणि लोंबीतील दाणा धरून राहू लागला. माणसाच्या भातशेतीच्या आरंभकथेतील हा एक मोठा क्षण. त्याच वर्षी तांदळाच्या लाल रंगाचे ‘आरसी’ हे जनुकही ओळखले गेले आणि नंतरच्या संशोधनात असे दिसले की हेच जनुक बीच्या सुप्तावस्थेतही भाग घेते. करग्याचा आणि पसहराचा लालसर दाणा पाहताना आपण त्याच्या मातीत टिकून राहण्याच्या क्षमतेची बाह्य खूण पाहत असतो. पिकाकडून रंग घेतला, आपले गळणे आणि आपली सुप्तावस्था राखली. करग्याच्या यशाचे सूत्र हे एवढेच.

रायपूरचा धडा आणि जग

जगाच्या विज्ञानात त्या काळी याच प्रश्नाचा शोध दुसऱ्या वाटेने चालला होता. स्वीडनच्या गोटे तुरेसन यांनी १९२२ मध्ये ‘इकोटाइप’ ही संज्ञा मांडली. समुद्रकाठची आणि आतल्या भागातील एकाच जातीची रोपे एकाच बागेत लावली, तरी त्यांच्यातील फरक टिकून राहतात; म्हणजे तो फरक केवळ हवापाण्याचा नसून आनुवंशिक आहे, हे त्यांनी दाखवले. अमेरिकेत क्लॉसन, केक आणि हाइसी यांनी कॅलिफोर्नियाच्या समुद्रसपाटीजवळील बागेपासून सिएरा नेवाडाच्या तीन हजार मीटर उंचीपर्यंत एकाच वनस्पतीचे तुकडे करून लावले आणि १९४० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपापल्या जागचे रोप आपापल्या जागी सरस ठरते, हा त्यांच्या कामाचा गाभा.

या अभ्यासांत ‘जागा’ म्हणजे उंची, थंडी, वारा, क्षार. रायपूरच्या शेतात जागेचा निर्णायक घटक होता माणसाचा डोळा. त्या अभ्यासांतील वनस्पतींनी आपले गुण हजारो वर्षांत घडवले असावेत; करग्याने एका पिढीच्या शेतकऱ्यांसमोर घडवले. दवे यांचा हेतू उत्क्रांतीचा प्रयोग करण्याचा नव्हता, म्हणून त्यांच्या कामाची गणना त्या अभिजात प्रयोगांत होत नाही. तरी विद्यार्थ्याने ते त्यांच्या शेजारी ठेवून वाचावे.

तुलनेसाठी चीनचे उदाहरण घेऊ. तेथील भातशेतातील ‘एकिनोक्लोआ’ नावाचे तणही भाताच्या रोपासारखे ताठ उभे राहते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासानुसार ही नक्कल यांगत्से नदीच्या खोऱ्यात सुमारे हजार वर्षांपूर्वी सुरू झाली आणि रोपाच्या फुटव्यांचा कोन ठरवणाऱ्या जनुकांवर निवडीच्या खुणा सापडल्या. हे तण भाताच्या वंशातले नाही. पिकाकडून जनुके मिळण्याची सोय त्याला नव्हती. स्वतःच्याच गाठीच्या विविधतेवर त्याने शतकानुशतके काम केले. अमेरिकेतील तणभाताची गोष्ट आणखी वेगळी. तेथील पुष्कळ तणभातात ‘एसएच४’चे लागवडीच्या भाताचेच रूप आहे, तरी त्याचे दाणे गळतात. म्हणजे तो पिकातूनच निघाला आणि गळण्याचा गुण त्याने दुसऱ्या जनुकांच्या वाटेने परत मिळवला. स्वतःची जुनी विविधता, नवी वाट, किंवा शेजाऱ्याचे देणे : अनुकूलनाच्या या तीन वाटांपैकी सर्वांत वेगवान वाट करग्याची.

आज हा इतिहास का वाचावा

जांभळ्या पानांचे तंत्र रायपूरने टाकून दिले नाही. पुढे येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘श्यामला’ हे जांभळ्या पानांचे वाण दिले. मात्र वरील हिशेब समजला की अशा वाणाचा वापर कसा करावा हेही समजते. तेच वाण त्याच बांधीत वर्षानुवर्षे लावले, तर ते नकलेला आमंत्रण ठरते. जांभळे आणि हिरवे आलटून पालटून लावले, तर एका वर्षीचा वेश दुसऱ्या वर्षी करग्याच्या अंगाशी येतो.

आज प्रश्नाचे रूप बदलले आहे. मजूर मिळत नाहीत, पाणी कमी होते आहे, म्हणून रोवणी सोडून थेट पेरणीकडे देश पुन्हा वळतो आहे. या पेरणीत तणांचा उपद्रव वाढतो. त्यावर उपाय म्हणून भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये ‘पुसा बासमती १९७९’ आणि ‘पुसा बासमती १९८५’ ही इमाझेथापायर या तणनाशकाला न जुमानणारी वाणे दिली. त्यांत परक्या जातीचे जनुक घातलेले नाही. भाताच्याच एका जनुकातील बदलाने ही क्षमता आली आहे. शेतकऱ्याची निकड खरी आहे आणि उपायही बुद्धिमान आहे. पण रायपूरचा इतिहास ठाऊक असलेल्याला त्यात जुनी रचना दिसल्याशिवाय राहत नाही. पिकाला एक खूण द्यायची आणि खूण नसलेल्याला मारायचे. फरक इतकाच की १९४३ मध्ये खूण जांभळ्या पानाची होती, आज ती विकराच्या आकाराची आहे आणि निंदणाऱ्या हाताच्या जागी फवारा आहे. अमेरिकेत याच वर्गातील तणनाशकाला सहनशील असलेला भात २००२ मध्ये शेतात आला आणि काही वर्षांतच तणभातात त्याच्याशी संकर होऊन सहनशीलता उतरल्याचे आढळले. तेव्हा प्रश्न ‘हे वाण चांगले की वाईट’ असा नसून ‘ही खूण किती हंगाम टिकवायची आणि त्यासाठी पीकपालट, स्वच्छ बियाणे आणि बांधावरील तणभाताचा बंदोबस्त कसा करायचा’ असा आहे.

जनुकांचा हा प्रवाह एकाच दिशेने वाहत नाही, याचीही चिंता आहे. शेतातल्या भाताचे पराग तळ्याकाठच्या वन्य भातावरही पडतात. जिथे वन्य भाताची वस्ती मोठी आहे, तिथे ती हे देणे पचवते. जिथे तळे बुजून चार-दोन ताटवे उरले आहेत, तिथे शेतातील जनुकांच्या पुरात तिचे वेगळेपण वाहून जाऊ शकते. आणि त्या वेगळेपणाची किंमत आपल्याला ठाऊक आहे. १९७० च्या दशकात आशियातील भातावर ‘ग्रासी स्टंट’ या विषाणुरोगाचे संकट आले, तेव्हा फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. उपयोगी पडला तो उत्तर प्रदेशातील गोंडा येथून आलेला ओरायझा निवाराचा एक नमुना. त्याचा प्रतिकारगुण गुरुदेव खुश आणि सहकाऱ्यांनी नव्या वाणांत उतरवला. ‘आयआर ३६’ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध.

मग बियाणे शीतगृहात ठेवले की काम संपले काय? रायपूरने या बाबतीतही देशाला मोठी देणगी दिली आहे. कटकच्या संस्थेचे माजी संचालक डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७१ पासून रायपुरात राहून तेव्हाच्या मध्य प्रदेशातून भाताचे हजारो स्थानिक नमुने गोळा केले. आज तो वारसा कृषी विश्वविद्यालयाकडे आहे आणि तेथील भाताच्या नमुन्यांची संख्या वीस हजारांच्या वर आहे. २००२ मध्ये हा संग्रह एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या सहकार्यासाठी खुला होणार अशी बातमी आली, तेव्हा छत्तीसगढमध्ये उठलेल्या विरोधामुळे तो करार मागे पडला. या बियाण्यावर लोकांचा किती जीव आहे, हे त्या प्रसंगाने दाखवले.

तरी शीतगृहाची मर्यादा जांभळ्या करग्यानेच स्पष्ट केली आहे. शीतपेटीतील बी ज्या वर्षी आत गेले, त्या वर्षीचेच राहते. तळ्यातील बी दर पावसाळ्यात नव्या परीक्षेला बसते : यंदा पाऊस उशिरा आला, यंदा पाणी लवकर आटले, यंदा नवा रोग आला. अनुकूलन हे जनुक आणि जागा यांच्यातील चालू व्यवहाराचे नाव आहे. जागा बुजवली की जनुक उरते, व्यवहार थांबतो. म्हणून शीतगृहे हवीत आणि त्यांच्या जोडीला जिवंत तळीही हवीत.

पुरानी बस्तीतल्या व्रतस्थ स्त्रिया जनुकसंवर्धनासाठी पसहर विकत घेत नाहीत आणि त्यांच्या श्रद्धेवर आपण विज्ञानाचा शिक्का मारण्याचेही कारण नाही. पण त्यांच्या मागणीमुळे कोणी तरी दरवर्षी तळ्याकाठी जाऊन तो गळता दाणा वेचते, त्याला भाव मिळतो आणि तळ्याकाठच्या त्या गवताला लोक अजून नावाने ओळखतात. ज्या वनस्पतीला नाव आहे आणि गिऱ्हाईक आहे, तिची जागा बुजवताना निदान कोणाला तरी हळहळ वाटते.

विद्यार्थ्यांनी येत्या आश्विनात एक साधे काम करावे. भाताच्या शेतात आणि जवळच्या तळ्याकाठी जावे. कुसळे असलेली लोंबी दिसली तर तळहातावर हलकेच घासावी. दाणे सुटून हाती आले, तर तो वन्य किंवा तणभात असण्याची शक्यता मोठी. तो कोठे उभा आहे, पाण्यात की बांधीत, पानांचा रंग कोणता, शेजारच्या पिकाचे वाण कोणते आणि गावात त्याला काय म्हणतात, हे वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जावे. रायपूरच्या त्या शेतात करग्याचा बदललेला रंग प्रथम दिसला, तोही अशाच कोणाच्या तरी दुसऱ्यांदा पाहण्यामुळे.